वन्संचं ‘नाही’

आमच्या वन्संच्या आधी त्यांचा आवाज घरात येतो. जिन्याच्या पहिल्या पायरीवर त्या बोलायला लागतात आणि दारात पोचेपर्यंत निम्मी बातमी सांगून झालेली असते. "वहिनी, हातातलं टाक आणि इकडे ये!" असं ऐकू आलं की मी गॅस बारीक करते. बंद करत नाही, कारण मग सगळंच थंड होईल आणि वन्संची बातमी काही संपणार नाही.

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची धाकटी बहीण. आमच्या शहरात संध्याकाळी निघणारं एक छोटं दैनिक आहे, त्यात त्या बातमीदार आहेत. त्याच कचेरीत तळमजल्यावर छोट्या जाहिरातींची खिडकी आहे, तिथे मी बसते. खोली भाड्याने देणे आहे, कुत्रा हरवला आहे, नावात बदल केला आहे, हे माझं राज्य. वन्संनी लग्न केलं नाही. का नाही म्हणून कुणी विचारलं तर म्हणतात, "बघायला आले होते की! मीच त्यांना इतके प्रश्न विचारले की चहा न घेता गेले." अंगाने आडव्या, पायात पुरुषी चपला, अंबाड्यात खोचलेलं पेन. ते पेन त्या रोज शोधतात. बरोबर सगळी कचेरी शोधते, आणि ते अंबाड्यातच आहे हे कुणी सांगत नाही. तेवढीच करमणूक.

त्यांची कामाची एक रीत आहे. बातमी लिहून झाली की ती वर संपादकांकडे जाण्याआधी माझ्या खिडकीशी येते. त्या उभ्या राहून मोठ्याने वाचतात आणि मी ऐकते. माझ्या कपाळावर एक जरी आठी पडली की कागद टराटरा फाडून पुन्हा लिहायला बसतात. दुसरी गोष्ट, स्वतःच्या कानांनी ऐकल्याशिवाय कुणाच्या तोंडी एक शब्द घालायचा नाही. "माणसाचं म्हणणं म्हणजे त्याचं चालतं बोलतं अंग असतं, वहिनी. बोट तोडून छापलं तर तो लंगडत नाही, पण हात दाखवताना कळतंच."

आणि नेमका कानच अलीकडे जरा दगा द्यायला लागला होता. डावा कान. आमचे हे, म्हणजे वन्संचे दादा, जेवताना चिडवायचे, "हिच्याकडे मीठ मागितलं की ही पीठ घेऊन येते."

"तू तोंडात घास ठेवून बोलतोस दादा. डॉक्टरलासुद्धा ते पीठच ऐकू येईल," वन्सं म्हणायच्या.

आम्ही हसायचो. पण देवापुढे दिवा लावताना मी एक वाक्य जास्तीचं म्हणायला लागले होते. बातमीदाराचा कान गेला तर राहिलं काय? भांडणात त्यांचं कधी काही बिघडलं नव्हतं. कानाची मात्र भीती होती.

त्यात नगराध्यक्षपदाची निवडणूक आली.

उभे राहिलेल्यांत सगळ्यात मोठं नाव मामांचं. सारं शहर त्यांना मामा म्हणतं. देहाने भरलेले, हसरे, कुणाच्याही खांद्यावर हात टाकणारे. मागच्या वेळी त्यांनी नदीवर पूल बांधायचा शब्द दिला होता. पुलाचे खांब उभे राहिले, वरचा रस्ता तेवढा राहून गेला. खांबांवर आता कावळे बसतात, आणि लोक म्हणतात, मामांनी कावळ्यांना बंगले बांधून दिले. हे पुसून काढायला या वेळी नवी घोषणा ठरली होती: ‘दिलेला शब्द मोडणार नाही!’ प्रचाराची सूत्रं मामांच्या जावयाकडे होती. हे जावईबापू बाहेर शिकून आलेले, गळ्यात दोन फोन, बोलताना समोरच्याकडे न बघता फोनकडे बघायचे.

एका दुपारी वन्सं मंडईतून आल्या त्या जवळजवळ धावतच. खिडकीशी उभं राहून त्यांना हसूच आवरेना.

"वहिनी, मामांची गाडी मंडईत आली. वर कर्णा, आत ती रेकॉर्ड. काय ओरडतेय माहितेय? ‘दिलेला शब्द मोडणार!’"

"मोडणार नाही, असेल."

"मोडणार! आणि लगेच ढम्म करून ते गाणं. परत ‘दिलेला शब्द मोडणार!’ ढम्म! सगळी मंडई पोट धरून हसतेय. भाजीवाली म्हणाली, ‘मामा, इतक्या वर्षांत आज खरं बोललात हो!’"

मी पण हसले. मग विचारलं, "नीट ऐकलंत ना?"

मी असं आजवर कधी विचारलं नव्हतं. "उजव्या कानाने ऐकलं," त्या म्हणाल्या, "गाडी दुसऱ्यांदा येईपर्यंत थांबून."

त्यांनी रीतसर प्रचार कचेरीत फोन लावला. पलीकडून कुणीतरी, "असल्या फालतू गोष्टींना वेळ नाही," म्हणून फोन ठेवून दिला. ते वाक्यही वन्संनी जसंच्या तसं घेतलं आणि आतल्या पानावर छोटी चौकट छापून आली. वर लिहिलं होतं, ‘‘दिलेला शब्द मोडणार’: मंडईत प्रचारगाडीची घोषणा’. स्वतःच्या पदरचं एक अक्षर नाही.

दुसऱ्या दिवशी शहरात दुसरा विषय नव्हता. न्हाव्याच्या दुकानात, बँकेच्या रांगेत, दवाखान्याच्या बाकावर. एकाने माझ्या खिडकीशी येऊन विचारलं, "वहिनी, लग्न मोडलंय, जाहिरात घ्याल का? मजकूर असा: दिलेला शब्द मोडला."

आणि मग जावईबापूंचा स्फोट झाला.

खरं सांगायचं तर मामांचा प्रचार तेव्हा आधीच गाळात रुतला होता. भर दुपारी उघड्या मैदानात सभा ठेवली होती, माणसं कुठून येणार? रिकाम्या खुर्च्यांचा फोटो आमच्या अंकात आला तो सभेनंतर. पण जावईबापूंच्या शास्त्रात आधी फोटो आणि मग रिकाम्या खुर्च्या! फोटो छापला म्हणून लोक आले नाहीत, असं त्यांचं म्हणणं. पत्रकं छापायला उशीर झाला, ते कागद महाग झाल्याची बातमी आम्ही दिली म्हणून. कार्यकर्ते रुसले, तेही आम्ही त्यांचं नाव छापलं नाही म्हणून. आता ही चौकट आयती हातात मिळाली. "हे वृत्तपत्र विकलं गेलंय! आमच्या घोषणेतला ‘नाही’ यांनी चोरला!" म्हणून चौकाचौकात फलक लागले. लोक माझ्या खिडकीशी अंक बंद करायला यायला लागले. काही जण अंक बंद करून जाताना मला विचारायचे, "पण ती चौकट आहे का हो शिल्लक? एक प्रत द्या."

वर मालकांचा फोन आला. आमचे संपादक सज्जन, पण पित्ताचा त्रास असलेले. गोळी जिभेखाली ठेवूनच ते खाली आले.

"ताई, जावईबापूंनी पत्रकार परिषद बोलावलीय. मूळ रेकॉर्ड ऐकवणार आहेत. त्यात ‘नाही’ निघालं तर पहिल्या पानावर दिलगिरी छापायची, आणि..." त्यांनी गोळी चावली. "मालक म्हणतात, ताईंचं वयही झालंय, कानही... म्हणजे तुम्ही घरी आराम करावा."

वन्संनी अंबाड्यातलं पेन काढलं, पहिल्या फटक्यात! तेव्हाच मला कळलं, प्रकरण गंभीर आहे.

"वहिनी, तुम्ही जा बरोबर," संपादक मला म्हणाले. "त्या भांडल्या तर आवरा."

मामांची प्रचार कचेरी फरशीच्या दुकानावरच्या मजल्यावर होती. जिना चढताना सगळीकडे पांढरी धूळ. वर खुर्च्या, पंखे, मामांचे हसरे फोटो, आणि त्या फोटोंखाली खुद्द मामा, तसेच हसरे. बाकीच्या वर्तमानपत्रांची माणसं आमच्याकडे बघून आपसात कुजबुजत होती. जावईबापूंनी टेबलावर कॉम्प्युटर उघडला.

"आता ऐका, आणि कुणाला ऐकू येत नसेल त्यांनी पुढे या," ते वन्संकडे बघून म्हणाले.

रेकॉर्ड सुरू झाली. बाईचा स्वच्छ आवाज आला: "दिलेला शब्द मोडणार नाही!"

नाही होतं! स्पष्ट, ठसठशीत ‘नाही’. खोलीत टाळ्या पडल्या. कुणीतरी मागून म्हणालं, "ताई, कानाचं मशीन घ्या, खर्च आमच्याकडे लागला!" हशा उसळला. मी पदराच्या आत हात जोडले. देवा, या बाईने आयुष्यात एक शब्द खोटा लिहिला नाही, आणि आता एका कानापायी...

वन्संचा चेहरा उतरला होता. मग त्या म्हणाल्या, "परत लावा."

"किती वेळा?"

"मला ऐकू येत नाही ना? मग लावा परत."

परत ‘नाही’. परत हशा. वन्सं उजवा कान पुढे करून टेबलावर वाकल्या. "आणखी एकदा." आता त्यांचे डोळे मिटलेले. मी त्यांच्याकडे बघत होते म्हणून मला दिसलं. ‘नाही’च्या जागी त्यांचं बोट टेबलावर आपटलं. टक्. पुढच्या खेपेला पुन्हा तिथेच. टक्.

त्या सरळ झाल्या. आवाज परत आला होता, जिन्यातला तो आवाज!

"गाडीवर हीच वाजते?"

"अर्थात हीच! एकच आहे, मी स्वतः तयार केलीय," जावईबापू म्हणाले.

"मग गाडीवर लावा. मी खोलीत ऐकलेलं छापलं नव्हतं, मंडईत ऐकलेलं छापलं."

"गाड्या प्रचारात आहेत. तुमच्या हट्टापायी..."

"अहो, लावू द्या!" हे मामा होते. ते उठून उभे राहिले, हात पसरून. "आपल्याला काय भीती? बोलवा रे गाडी दाराशी. होऊन जाऊ दे सोक्षमोक्ष. ताई, नंतर पेढे मात्र तुम्ही द्यायचे हं!" त्यांना खरंच खात्री होती. माणूस लबाड असेल नसेल, पण त्या क्षणी तो साफ निर्मळ मनाने बोलत होता, हे मी शपथेवर सांगेन.

आम्ही सगळे कचेरीला लागून असलेल्या गच्चीच्या कठड्याशी गोळा झालो. एकमेकांच्या खांद्यांवरून माना काढून. खाली फरशीवाल्याचे हमाल, रस्त्यावरची माणसं, समोरच्या शिवणक्लासमधल्या मुली खिडकीत. कुजबूज इतकी की कुणी काय म्हणतंय कळेना. गाडी आली. टपावर तो अजस्र कर्णा. ड्रायव्हरने वर बघून विचारलं, "लावू?"

"लाव!" मामा गर्जले.

खर्रर झालं. मग सगळ्या रस्त्यावर तो आवाज कोसळला: "दिलेला शब्द मोडणार—"

ढम्म!

आणि गाणं सुरू. ‘नाही’ कुठे गेलं? त्या ढम्मच्या खाली पार चिरडून गेलं! जावईबापूंनी बाईच्या वाक्याला गाणं इतकं चिकटवलं होतं की पहिला ड्रम बरोबर ‘नाही’च्या डोक्यावर पडत होता. बंद खोलीत, छोट्या कॉम्प्युटरवर दोन्ही ऐकू यायचं. कर्ण्यातून नुसता ड्रम.

"परत!" कोण ओरडलं कळलं नाही. कदाचित मीच.

"दिलेला शब्द मोडणार—"

"ढम्म!" या वेळी रस्त्याने साथ दिली. हमालांनी, शिवणक्लासच्या मुलींनी, सायकलवरून उतरलेल्या एका म्हाताऱ्यानेही. एका सुरात! गच्चीवरचे पत्रकार कठड्याला धरून हसत होते. मशीनचा खर्च देणारा मागच्या मागे जिना उतरून गेला. मी वन्संचा हात इतका घट्ट धरला होता की त्यांची बांगडी माझ्या तळव्यात रुतली. खोटं बोलणाऱ्याला देव शिक्षा करतो की नाही, ते त्यालाच ठाऊक. पण कधीकधी तो माणसाकडून खरं वदवून घेतो, एवढं मी त्या दिवशी पाहिलं.

मामांचं हसू मात्र मावळलं होतं. त्यांनी जावयाकडे मान वळवून हळूच विचारलं, "अहो, इतके दिवस आपण हेच ओरडत फिरतोय?"

"मामा, हा कट आहे!" जावईबापू लालबुंद झाले. "ड्रायव्हरला फितवलंय! कर्णेवाला यांचाच असणार! ही सगळी वृत्तपत्रांची..."

"जावईबापू," वन्सं म्हणाल्या. मला वाटलं आता या फाडून खाणार. पण त्या अगदी मऊ आवाजात बोलल्या. "गाणं जरा उशिरा सुरू करा. एक श्वास सोडा मध्ये. ‘नाही’ छान ऐकू येईल."

आता इथे शहाण्या माणसाने काय केलं असतं? गुपचूप रेकॉर्ड दुरुस्त केली असती. पण जावईबापूंनी ती शेवटच्या दिवसापर्यंत बदलली नाही. का, तर बदलली म्हणजे वर्तमानपत्र खरं ठरलं! गाड्या फिरत राहिल्या, "दिलेला शब्द मोडणार, ढम्म!" आणि गल्लोगल्ली लोक ठेका धरत राहिले. आमचे हेसुद्धा आंघोळीच्या वेळी बादलीवर वाजवायला लागले.

मामा पडले. चांगले दणदणीत पडले.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या कचेरीतून निवेदन आलं. जावईबापूंनी ते पायऱ्यांवर उभं राहून वाचलं तेव्हा वन्सं समोर होत्या. परत येऊन खिडकीशी मला ऐकवलं: "आमच्या पराभवाला आम्ही जबाबदार नाही. वृत्तपत्रांनी आम्हाला पाडलं." वाचताना त्या तोंड वाकडं करत नव्हत्या. मी आठी घातली नाही, बातमी वर गेली.

थोड्या वेळाने वरून हसण्याचा असा गलका झाला की मी खिडकी लावून वर धावले. आमच्याकडे पानं लावणारा एक आहे, त्याला सगळे कात्री म्हणतात, कारण मथळा बसला नाही की तो शब्द कापतो. तो खुर्चीत मागे रेलून डोळे पुसत होता.

"वहिनी, बघा देवाची करणी! मथळा एका शब्दाने लांब होतोय. शेवटचा शब्द उडवला की मापात!"

मी पडद्यावर वाचलं: ‘आमच्या पराभवाला आम्ही जबाबदार’. सगळी कचेरी टेबलाभोवती जमली होती. "उडव, उडव! त्यांचंच त्यांना परत!" संपादकसुद्धा ओठ दाबून हसत होते, पित्त विसरून. "ताई, जागेची अडचण, आपण तरी काय करणार?" ते म्हणाले. आणि खोटं कशाला बोलू, मलाही वाटलं, उडवावं. एवढे फलक लावले, एवढी नालस्ती केली, माझ्या खिडकीशी येऊन लोक काय काय बोलून गेले. एक शब्द तर आहे.

वन्सं गर्दीतून वाट काढत पुढे आल्या.

"‘नाही’ राहील."

"अहो ताई, गंमत..."

"ते पायऱ्यांवर उभं राहून म्हणाले तेव्हा ड्रम वाजत नव्हता. मी ऐकलंय, ‘नाही’ म्हणाले." त्यांनी टेबलावर हात आपटला. "कर्ण्याने खाल्लं तर ती चूक. आपण खाल्लं तर ती चोरी. मग त्यांचे फलक खरे की रे! मी एवढी भांडले ती त्यासाठी का?"

कात्रीने डोकं खाजवलं. "मग मथळा बसणार कसा?"

"दोन ओळी कर. अक्षर मोठं कर."

केल्या. संध्याकाळी अंक निघाला तेव्हा पहिल्या ओळीत ‘आमच्या पराभवाला आम्ही जबाबदार’ आणि खालच्या ओळीत, मधोमध, एकटंच, हे एवढं ठळक ‘नाही’. शहर त्यावरही इतकं हसलं की अंक संपले. वन्सं म्हणाल्या, हसू देत, मी तर पूर्ण छापलंय.

दोन-चार दिवसांनी माझ्या खिडकीशी सावली पडली. बघते तर मामा! एकटेच, टोपी कपाळावर ओढलेली.

"मतदारांचे आभार मानायचेत. छोटीच जाहिरात," ते म्हणाले आणि कागद सरकवला. मग जरा घुटमळले. "त्या ताईंनी परवा आमचा शब्द पुरा छापला. आमच्या माणसांना इतक्या दिवसांत ते जमलं नाही." जाता जाता वळून म्हणाले, "मी आलो होतो हे जावईबापूंना नका सांगू."

वन्सं तेवढ्यात जिन्यातून बोलत बोलत उतरल्या. पेन शोधत होत्या. मी सांगितलं नाही. त्यांनी कागद उचलला आणि सवयीप्रमाणे उभं राहून, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असा वाचला:

"तुमचं प्रेम मी कधीही विसरणार..." मामा फाटकापाशी थबकले. वन्संनी एक श्वास सोडला, आणि मग खणखणीत आवाजात म्हणाल्या, "नाही!"

समोरच्या फुटपाथवरून कुणीतरी ओरडलं, "ढम्म!"

आणि सगळ्यात आधी, पोट हलवत, मामा हसले.